न वाजवलेलं व्हायोलिन

वणीत माझा कम्प्युटर क्लास होता, तेव्हाची गोष्ट. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत, कापडाच्या दुकानावरची एक खोली. चार कम्प्युटर, त्यातले तीन चालू. सकाळी टायपिंग शिकायला मुली यायच्या, दुपारी खाणीत चिकटायच्या आशेवर असलेली पोरं. मधल्या वेळात वीज असेल, तर मी त्याच कम्प्युटरवर गाणी बसवत असे.

गाणं घरातलंच होतं. बाबा कोळशाच्या खाणीत, पण पौर्णिमेला आणि जयंतीला विहारात पेटी त्यांचीच असायची. माझी बोटं पेटीवर त्यांनीच बसवली. मारेगावचा मामा शाळेत शिपाई होता आणि आमच्या भागातला नावाजलेला गायक. त्याला नव्या गाण्यांची सीडी काढायची होती. अडचण एकच होती. लोडशेडिंग. सकाळी तीन तास वीज, दुपारी दोन, आणि त्याचाही भरवसा नाही. ढोलकीवाला यायचा त्या दिवशी बँजोवाला शेतात असायचा. दोघं आले की वीज नसायची. शेवटी मी मामाला म्हटलं, तू एकटा येऊन गा, बाकीची वाद्यं मी कम्प्युटरवर करते.

नागपूरच्या एका ऑर्केस्ट्रावाल्यानं मला एक सीडी दिली होती. तिच्यात वाद्यांचे खरे सूर साठवलेले होते. कुठल्या तरी देशात, कुठल्या तरी बंद खोलीत एखाद्या व्हायोलिनवाल्याला बसवून त्याच्याकडून एकेक सूर सुटा वाजवून घेतलेला. मी इथं कम्प्युटरला जोडलेल्या, पेटीसारख्या कीबोर्डची पट्टी दाबली की त्याचा तो सूर वाजणार. ढोलकी झकास जमली, बासरी जमली. व्हायोलिननं मात्र माझी फजिती केली.

गाणं होतं कापूस वेचणाऱ्या आईचं. पोरीला शाळेत जायला दप्तर नाही म्हणून ती आपल्या ओढणीची थैली शिवते. संथ चाल. दोन कडव्यांच्या मध्ये व्हायोलिनचा एक लांब तुकडा मी ठेवला होता. मामानं तो ऐकला आणि कानावरचा हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

"बाई, हे बकरी कायले बोंबलून राह्यली मंधात?"

"व्हायोलिन आहे मामा."

"मी नाई मानत. पाहून घे, लोकं म्हनतीन बोगस हाये."

बोगस हा शब्द त्या वर्षांत आमच्याकडे शाळकरी पोरांच्याही तोंडी होता. बियाणं बोगस, फवारणीचं औषध बोगस, कापसाचा वजनकाटा बोगस. माझी मावशी बियाण्याची थैली फोडण्याआधी तिची शिवण बोटानं चाचपून पाहायची आणि दुकानदाराच्या डोळ्यांत बघत राहायची. कोणी गावात जीप घेऊन आलं की लोक आधी नंबरप्लेट वाचायचे, मग पाण्याचं विचारायचे. अशा लोकांपुढे बकरीला व्हायोलिन म्हणून उभं करणं शक्य नव्हतं.

दोष कुठं आहे ते मला ऐकू येत होतं. व्हायोलिनवाला बोट तारेवर दाबून किंचित मागंपुढं डोलवतो, म्हणून सूर थरथरतो. व्हायब्रेटो म्हणतात त्याला. त्या परदेशी वादकानं प्रत्येक सूर थरथरवूनच वाजवला होता. त्यामुळे मी कुठलीही पट्टी दाबली की तीच थरथर, त्याच क्षणी सुरू व्हायची. त्यात सगळे सूर काही त्याच्याकडून वाजवून घेतलेले नव्हते. एकच सूर ताणून वरखाली चार पट्ट्यांना पुरवला होता. वरच्या पट्टीवर थरथर घाईची व्हायची, खालच्या पट्टीवर सुस्तावायची. एकाच माणसाच्या हाताला एका दमात दोन वेगळे ताप आल्यासारखं.

सीडीत शोधलं, तर त्याच वादकानं न थरथरवता वाजवलेले सरळ सूरही सापडले. ते घेतले आणि कम्प्युटरला सांगितलं, थरथर तू घाल. त्यानं इतकी नेमकी, इतकी एकसारखी घातली की अँब्युलन्सचा भोंगा वाजल्यासारखी वाटली. मग कीबोर्डच्या कडेला सूर वरखाली करायचं एक चाक असतं, ते अंगठ्यानं हलवून पाहिलं. तसं केल्यावर सूर बेसूर झाला. मोठ्या चुका माझ्या लक्षात येत होत्या, पण बरोबर काय ते ठाऊक नव्हतं. मी व्हायोलिन वाजवणाऱ्या माणसाच्या हाताकडे आयुष्यात कधी नीट पाहिलंच नव्हतं.

व्हायोलिन म्हटलं की आमच्याकडे एकच माणूस आठवायचा, पांढरकवड्याचे चाचा. कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते. कापसातली सरकी काढणाऱ्या रोलरचा नुसता आवाज ऐकून कुठला घासतोय ते सांगायचे. जवानीत कव्वाल्यांच्या पार्टीत फिडल वाजवायचे, नंतर बरीच वर्षं मामाच्या पार्टीत. गुडघे गेल्यापासून त्यांनी बाहेरगावी जाणं सोडलं होतं. व्हायोलिनला ते फिडलच म्हणत आणि व्हायब्रेटोला हिलाव.

मी सरळ जाऊन खरं सांगायला हवं होतं. पण मला वाटलं, कम्प्युटरसाठी शिकायचंय म्हटलं तर ते दारातूनच परत पाठवतील. म्हणून एका रविवारी दोन तासांची एसटी करून गेले आणि म्हटलं, "चाचा, मला फिडल शिकायचीय."

चाचांनी मला वरून खालपर्यंत पाहिलं. चाची उंबऱ्यात शेवया मोडत बसल्या होत्या. त्यांचाही हात थांबला.

"फिडल कुठी हाये तुयी?" चाचांनी विचारलं.

"घ्यायचीय अजून."

"फिडल नाई, आन वणीवून इथवर आली शिकाले? वणीत पेटी शिकवनारे मेले काय?"

"व्हायोलिनचंच मन आहे चाचा."

"हं," ते म्हणाले. त्या हं-मध्ये विश्वास अजिबात नव्हता. तरी आलेल्या पोरीला परत कसं पाठवायचं, म्हणून त्यांनी खुंटीवरची फिडलची पेटी काढली.

खाली बसून, फिडलचं टोक उजव्या घोट्यावर टेकवून ते वाजवायचे. मी समोर, हातभर अंतरावर. पहिल्याच दिवशी माझ्या लक्षात आलं की मी सगळं उलटं करत होते. चाचांचा सूर सरळ सुरू व्हायचा. तो नीट उभा राहिला की मगच बोट हलायला लागायचं, आधी बारीक, मग रुंद. बोट मागं जायचं आणि परत जागेवर यायचं, जागेच्या पुढं कधीच जायचं नाही. म्हणून सूर खाली झुकायचा, वर चढत नसे. माझं चाक दोन्हीकडे फिरत होतं, बेसूर लागायचं कारण तेच. छोट्या सुरांवर हिलाव नाहीच. मोकळ्या तारेवर नाही, तिथं बोटच नसतं. बो, म्हणजे गज, दाबून आवाज मोठा केला की हिलाव जलद, आवाज सोडला की तो मंद होत होत थांबायचा, आणि शेवटचा थोडा सूर नुसता, उघडा जायचा. शिवाय बोट मागं कलताना आवाज थोडा झाकोळायचा, जागेवर आलं की उजळायचा. म्हणजे नुसता सूर हलवून भागणार नव्हतं, त्याबरोबर आवाजाचा उजाळाही हलवायला लागणार होता.

मी वहीत लिहून घ्यायचे. मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत एका सेकंदात बोट किती वेळा हलतं ते मोजायचे. पाच, साडेपाच, जोरात आले की सहा.

"काय लिवून राह्यली?" चाचांनी तिसऱ्या रविवारी विचारलं.

"सूर, चाचा. कुठला सूर कुठं आहे ते."

"सूर लिवाले घडी पाह्यतेस?"

मी काहीतरी ताल-बिल बोलले. त्यानंतर वाजवताना चाचांनी डावा हात थोडा अंगाकडे वळवून घेतला. मला बोटं दिसावीत म्हणून मी सरकले, तर तेही सरकले. चाचींनी उंबऱ्यातून हे सगळं पाहिलं. मी निघताना त्या चपलांपाशी आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "बेटा, तुहे हात काईच शिकून नाई राह्यले. डोळेच शिकून राह्यले. काय भानगड हाये?"

मी हसले आणि बस गाठायला पळाले. चौथ्या रविवारी गेले नाही. मला हवं ते मिळालं होतं.

पुढचे वीसेक दिवस मी त्या एका तुकड्यावर बसले. सरळ सूर घेतले. प्रत्येक लांब सुराखाली माउसनं एक रेघ काढायची, सूर किती झुकेल त्याची. तिच्याखाली दुसरी रेघ आवाजाच्या उजाळ्याची. पहिले काही क्षण रेघ सपाट, मग छोट्या लाटा, मग मोठ्या, शेवटी पुन्हा सपाट. एकही लाट दुसरीसारखी करायची नाही. एका सुराच्या लाटा काढता काढता वीज जायची, यूपीएस कोकलायला लागायचा आणि मी घाईनं सेव्ह करायचे. क्लासच्या मुलींना वाटायचं मॅडम नकाशा काढताहेत.

मामा ऐकायला आला. व्हायोलिन सुरू झालं तसं त्यानं डोळे मिटले. संपल्यावर उघडले, तेव्हा तो हसत होता.

"हे तं चाचा हायेत! कधी आलते?"

नाही म्हणायला एक क्षण पुरेसा होता. मी म्हणाले, "मीच गेलते पांढरकवड्याला."

शब्द सगळे खरे होते. मामा खूश होऊन गेला. मलाही, खोटं का बोलू, गुदगुल्या झाल्या. मामाला चाचांच्या हाताची वीस वर्षांची ओळख. त्याचे कान फसले.

जयंतीच्या दिवशी वणीच्या स्टेजवर सीडी वाजली. मामानं माइक हातात घेऊन सांगितलं, "फिडल वाजवली हाये आमच्या पांढरकवड्याच्या चाचांनी, इतक्या वर्षांनी!" टाळ्या पडल्या. मी स्टेजच्या बाजूला स्पीकरची वायर धरून उभी होते आणि माझे कान तापले होते. दुसऱ्या दिवशी सांगू म्हटलं. दुसऱ्या दिवशीही सांगितलं नाही.

महिन्याभरानं, सकाळच्या बॅचच्या वेळी, जिन्यावर कोणीतरी थांबून थांबून चढत असल्याचा आवाज आला. दारात चाचा होते. एका हातात काठी, दुसऱ्या हातात फिडलची पेटी. ज्या माणसानं गुडघ्यांपायी पांढरकवडा सोडला नव्हता तो दोन तास एसटीत बसून आला होता. मुलींचं टायपिंग थांबलं.

"मोबाइल दाव तुया," ते म्हणाले.

"चाचा, आधी बसा."

"मोबाइल दाव."

मी दिला. साधा, बटणांचा. त्यांनी उलटसुलट करून पाहिला. "याच्यात टेप होते?"

"नाही होत."

"मंग कायच्यानं टेप केलं? वहीत काय होतं? पिशवीत काय होतं तुह्या? माही फिडल चोरून टेप केली आन सीडीत घातली. अख्खा पांढरकवडा मले मुबारक देऊन राह्यला."

"मी टेप नाही केलं, चाचा. ते तुम्ही वाजवलेलंच नाही."

"मले नको शिकवू. माहा हात मी वळखत नाई का?"

मी त्यांना खुर्ची दिली. बसल्यावर त्यांचा आवाज एकदम खाली आला. ते जे बोलले त्याची मी तयारी केलीच नव्हती.

"पहिले चायवाला बोलला, वा चाचा, लय दिवसांनी वाजवलं. मी म्हटलं, मी नाई वाजवलं. तं तो हासला. मंग मस्जिदीपाशी दोघं बोलले. मंग घरी सीडी आली. आयकलं तं माहाच हिलाव. मी चाचीले म्हटलं, हे गानं मी कधी वाजवलं? ते म्हने, तुम्ही इसरले असान. मी म्हटलं हाव, इसरलो असन. बारा दिवस, बेटा. बारा दिवस मले वाटलं माहं डोस्कं गेलं. माह्या भावाचं गेलतं, मरायच्या आधी थो आपल्या पोरायले वळखत नव्हता. मी रोज सकाळी उठून पोरायची नावं घेऊन पाहात होतो, याद हायेत का नाई."

एका मुलीनं मान खाली घातली.

मी घड्याळ पाहिलं. वीज जायला पाऊण तास. "चाचा, मी दाखवते. सगळं दाखवते," म्हटलं.

गाणं उघडून व्हायोलिन सोडून बाकी सगळं बंद केलं. त्यांचाच म्हणून लोकांनी डोक्यावर घेतलेला तुकडा वाजवला. मग पडद्यावरच्या रेघा एकेक करून पुसल्या आणि तोच तुकडा पुन्हा वाजवला. कोरडा, सरळ, कुणाचाच नसलेला. चाचा पुढं झुकले. मी एका सुराखाली परत लाटा काढल्या. सूर हलला. त्यांनी काठी भिंतीला टेकवली.

"पुन्हा पूस."

पुसलं.

"आता घाल. धीरे घाल."

घातलं. असं आठ-दहा वेळा झालं. ते अजून मानत नव्हते. आत कुठंतरी आपली टेप लपवलीय आणि ही पोरगी हातचलाखी करतेय, हा संशय त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होता. मग शेवटच्या लांब सुरावर ते एकदम म्हणाले, "थांब. मांगं घे."

मी मागं घेतलं.

"इथून सूर घसरत खाली जाते का नाई? आन हिलाव घसरताना बी चालू हाये. सरकाले निघालेलं बोट हालत नाई. माहं बोट इथी निघालं असतं." त्यांनी डावा हात हवेत धरून दाखवलं, बोट हललं, थांबलं, मग सरकलं. "हे गलती मी करत नाई. पहिल्या साली बी नाई केली."

ते खुर्चीला टेकले. त्या चुकीनं त्यांना पटलं की हा आवाज त्यांचा नाही. मला माझ्या बरोबर काढलेल्या रेघांनी वाचवलं नाही, चुकलेल्या रेघेनं वाचवलं.

"बिना हिलावाचा सूर कोनाचा हाये?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही. बाहेरच्या देशातला कोणीतरी."

"त्याले माहीत हाये, तू त्याचा सूर इथी वाजवून राह्यली?"

"नाही."

"आन हिलाव?"

"तुमचा. तुमच्या बोटांकडे पाहून काढला. वहीत तेच लिहीत होते मी."

"मंग टेप नाई केलं, तरी चोरलं तं हाये," चाचा म्हणाले. रागानं नाही, जिनिंगमधला रोलर तपासून निकाल सांगावा तसं.

तेवढ्यात वीज गेली. यूपीएस ओरडायला लागला. मी तो बंद केला आणि चाचांपुढं उकिडवी बसले. म्हटलं, "चाचा, चुकलं माझं. टेप नाही केली पण खोटं बोलले. मामालाही सांगितलं नाही."

"माह्याजवळ नको बोलू. ज्याच्यापुढे माहं नाव घेतलं त्याच्यापुढे बोल."

मी त्यांना बसमध्ये बसवून दिलं. खिडकीपाशी उभी राहिले, पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

पुढच्या पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर मी उभी राहिले. सांगितलं की त्या गाण्यातली फिडल चाचांनी वाजवलेली नाही, ती कम्प्युटरवर मी केली आहे, आणि त्यांच्याकडे खोटं कारण सांगून शिकले. मला वाटलं होतं, लोक चिडतील आणि विषय संपेल. लोक चिडले नाहीत. त्यांना संशय आला.

मागच्या रांगेतल्या एका बाईनं विचारलं, "मंग ढोलकी?"

"तीही कम्प्युटरची."

"बासरी?"

"तीही."

"मंग गायाचा आवाज तरी त्याचा हाये का?"

सगळ्यांनी मामाकडे पाहिलं. मामाचं तोंड पडलं. तो उभा राहिला, तिथल्या तिथं, वाद्याशिवाय, त्या गाण्याचं पहिलं कडवं मोठ्यानं म्हणून दाखवलं, आणि चपला घालून निघून गेला. सीडीतला आवाज यापेक्षा गोड वाटतो, असं पायरीवर कोणीतरी म्हणालं. ते त्यानं ऐकलं असणार, कारण पुढचे दोन महिने तो माझ्याशी बोलला नाही. आईचा फोन घ्यायचा, मी बोलायला घेतला की ठेवून द्यायचा.

दिवाळीनंतर पांढरकवड्याहून आलेल्या एका कंडक्टरनं निरोप दिला. चाचा विचारताहेत, दुसरी सीडी काढणार का? काढणार असाल तर खरी फिडल लागेल का?

ते चाचींना घेऊन आले. खिडक्यांना गाद्या लावल्या, पंखा बंद केला. खाली रस्त्यावरून कोळशाचा ट्रक गेला की थांबायचं. मामाला मी आईकडून बोलावलं होतं. चाचा आहेत म्हटल्यावर आला, कोपऱ्यात बसला. तीन तासांच्या विजेत चाचांनी चार गाण्यांचे तुकडे वाजवले. चाची प्रत्येक वेळी माइककडे अशा पाहायच्या, जणू तो काहीतरी गिळतोय.

सगळे गेल्यावर मी ऐकत बसले. चौथ्या गाण्यात एक लांब सूर होता. त्यावर चाचांचं बोट दमलं होतं. हिलाव मध्येच मंदावला, अडखळला, पुन्हा सुरू झाला. ऐकणाऱ्याच्या कानाला कदाचित लागलाही नसता. मला लागला. मी तो सूर सरळ केला आणि त्याखाली माझ्या लाटा काढल्या. एकदम बेमालूम झालं. मग माझी मलाच भीती वाटली. मी दोन्ही सूर एका सीडीवर घेतले आणि रविवारची बस पकडली.

चाचांच्या घरच्या प्लेअरवर आधी त्यांचा लावला, मग मी दुरुस्त केलेला. काय केलं ते सांगितलं. म्हटलं, तुमचाच ठेवते, फक्त न सांगता काही करायचं नव्हतं म्हणून आले.

चाचांनी दोन्ही पुन्हा लावायला सांगितले. तिसऱ्यांदा. डाव्या हाताची बोटं मांडीवर हलकी हलत होती.

"दुसरा ठेव," ते म्हणाले.

"पण तो तुमचा नाही चाचा."

"माहाच हाये. चाळीस साल पहिलेचा. असाच वाजवत होतो, इचार हिले."

चाचींनी मान हलवली. हो म्हणाल्या की नाही, ते मला कळलं नाही. माझ्या मनातली शंका काही केल्या जाईना. त्यांना खरंच तो आवडला होता, की समोरच्या पोरीनं आपला दमलेला हात सगळ्यांसमोर मांडू नये म्हणून ते बोलले? विचारायचं धाडस झालं नाही.

"लोकायले मात्र सांगजो," चाची म्हणाल्या. "मांगच्यासारखं नको करू."

मामानं ऐकलं आणि सीडीच्या कव्हरवर खाली एक ओळ छापून घेतली, फिडल चाचांची, एक सूर कम्प्युटरचा. हे छापल्यामुळे वाद मिटेल, असं त्याला वाटलं. झालं उलटंच. लोक गाणी सोडून तो एक सूर शोधायला लागले. पानटपरीवर, विहारात, लग्नात, माणसं मला गाठून सांगायची, मॅडम, सापडला, तिसऱ्या गाण्यात सुरुवातीलाच हाये, साफ बोगस वाटते. कोणी म्हणायचं पहिल्या गाण्यातला, कोणी कोरसच्या मागचा. दाखवलेला प्रत्येक सूर चाचांनी वाजवलेला असायचा.

पांढरकवड्यातही तेच चाललं होतं. एकदा मी गेले तेव्हा चायवाला आला होता आणि चाचांना पटवून देत होता की दुसऱ्या गाण्यातला शेवटचा सूर माणसाच्या हातून निघूच शकत नाही. चाचा पुढं झुकून, कपाळाला आठ्या घालून ऐकत होते. मग माझ्याकडे हळूच पाहून, मान हलवत त्याला म्हणाले, "हाव भाऊ, मले बी त्याच्यावरच शक हाये."